तगरीची पानं खाणारी हिरवी अळी: कण्हेरीचा हॉक मॉथ ओळखावा कसा, वाढवावा कसा

जून-जुलैत तगरीला नवी पालवी फुटते आणि त्याच सुमारास गोव्यातल्या घरांत एक तक्रार सुरू होते. परवापर्यंत भरगच्च असलेल्या झाडाच्या शेंड्याला एकही पान उरलेलं नसतं, पूजेच्या फुलांची पंचाईत होते आणि झाड कितीही निरखलं तरी खाणारा काही सापडत नाही. मग बाजारातून फवारणीचं औषध आणलं जातं. हा लेख ते औषध आणायच्या आधी वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पानांचा फडशा पाडणारा हा जीव बहुतेक वेळा एक मोठी हिरवी अळी असते आणि ती पुढे कण्हेरीचा हॉक मॉथ होते. आपल्याकडच्या सगळ्यांत देखण्या पतंगांपैकी हा एक. अंड्यापासून पतंगापर्यंतचं त्याचं सगळं आयुष्य पाच-सहा आठवड्यांत, अंगणातल्या एका झाडाभोवती आपल्या डोळ्यांदेखत पार पडतं. त्यासाठी जंगलात जावं लागत नाही, महागडी साधनंही लागत नाहीत. कीटकांचा नाद लावून घ्यायचा असेल तर सुरुवात याच पतंगापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी पतंगाची ओळख

शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. लिनियसने 1758 मध्ये त्याचं वर्णन केलं. हॉक मॉथ किंवा स्फिंक्स मॉथ म्हणतात त्या कुळातला हा पतंग. या कुळात जगभर सुमारे 1,450 जाती आहेत. सगळ्यांची ठेवण साधारण एकच असते: जाड, मागे निमुळतं होत गेलेलं शरीर, लांब अरुंद पुढचे पंख, त्यामानाने लहान मागचे पंख आणि जबरदस्त वेगाचं उड्डाण. स्फिंक्स हे नाव मात्र अळीमुळे मिळालं. डिवचली की ही अळी शरीराचा पुढचा भाग उचलते, डोकं आत ओढून घेते आणि इजिप्तमधल्या त्या पुतळ्याच्या पवित्र्यात निश्चल बसून राहते.

कण्हेरीच्या हॉक मॉथचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 9 ते 11 सेंटिमीटर भरतात. रंग हिरवा, पण त्या हिरव्यात शेवाळी, गवती, काळपट अशा कितीतरी छटा आणि त्यांच्यामधून गेलेले फिकट गुलाबी, पांढुरके पट्टे. पुढच्या पंखाच्या मुळाशी एक फिकट डाग असतो आणि त्या डागात गडद हिरवा ठिपका. ओळखीची पहिली खूण हीच. मागचे पंख करडे-तपकिरी, बाहेरच्या कडेला हिरवट, मधून एक फिकट नागमोडी रेघ. पतंग बसलेला असताना हे मागचे पंख झाकलेले राहतात, म्हणून ते दिसले नाहीत तर गडबडून जाऊ नका. मादी अंगाने थोराड आणि पोटाने भरीव असते. नर त्यामानाने सडपातळ.

नवख्यांचा गोंधळ होतो तो याच्याच भावकीतल्या डॅफ्निस हायपोथसशी. तो जास्त गडद असतो आणि त्याच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी एक लहानसा पांढरा ठिपका असतो. त्यामुळे फोटो काढताना पंखाची टोकं कापली जाणार नाहीत याची काळजी घ्या. एवढ्या एका गोष्टीने पुढचा बराच वाद मिटतो.

आफ्रिका, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशिया हा याचा मूळ मुलूख. हा पतंग लांब पल्ल्याचा प्रवासी आहे. उन्हाळ्यात काही पतंग भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात शिरतात, एखादा ब्रिटनपर्यंतही पोचतो, पण तिथला हिवाळा त्याला झेपत नाही. हवाई बेटांवर तो 1974 मध्ये आणि ग्वाम बेटावर 2005 मध्ये प्रथम नोंदला गेला. माणसाने शोभेसाठी कण्हेर जिथे जिथे नेली, तिथे याच्या अन्नाची सोय आधीच झालेली होती. गोव्यात कडाक्याची थंडी पडत नाही, म्हणून इथे त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या होत राहतात. तरीही पाहायचा खरा हंगाम पावसाच्या पहिल्या सरींपासून दिवाळीपर्यंतचा. कोवळी पालवी तेव्हा मुबलक असते.

पायरी पहिली: योग्य झाडापाशी जा

ही अळी वाटेल त्या झाडावर मिळत नाही. तिला कण्हेरीच्या कुळातलीच झाडं लागतात. कण्हेर तर आहेच, पण गोव्यात मी नवख्याला आधी तगरीकडे पाठवतो. साधी असो की दुहेरी पाकळ्यांची, तगर बहुतेक अंगणांत आणि देवळांच्या आवारात असते, तिची पानं मऊ असतात आणि झाड हाताच्या उंचीवर असतं. सदाफुलीवर आणि कुंडीतल्या अडेनियमवरही ही अळी येते. अडेनियम हौसेने वाढवणाऱ्यांना ती चांगलीच परिचयाची आहे, कारण एक मोठी अळी एका रात्रीत कुंडीतलं रोप बोडकं करू शकते. सातवणीवरही ती खाते, पण मोठ्या झाडावर एवढ्या उंचीवर तिला शोधणं नवख्याला जड जाईल.

झाड रोज जाता-येता दिसेल असं असावं. पाहुणे म्हणून कुठेतरी गेल्यावर पाहिलेल्या झाडापेक्षा स्वतःच्या न्हाणीघरामागची तगर शंभर पटींनी उपयोगाची. त्या झाडावर कुठलंही औषध मारलेलं नाही याची खात्री करून घ्या. नर्सरीतून नुकतंच आणलेलं रोप असेल तर त्याच्या पानांत औषधाचा अंश राहिलेला असू शकतो. निंबोळी तेल 'नैसर्गिक' म्हणून निर्धास्तपणे मारलं जातं. अळ्यांना तेही बाधतं.

पायरी दुसरी: वर पाहण्याआधी खाली पाहा

अळीचा रंग पानात इतका मिसळतो की हातभर अंतरावरूनही ती दिसत नाही. म्हणून शोध जमिनीपासून सुरू करा. तगरीखालच्या फरशीवर किंवा मातीवर मिरीच्या दाण्याएवढ्या गडद हिरव्या-काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या तर अळी बरोबर त्यांच्या वर आहे. एक लेंडी उचलून जवळून पाहा: ती पिंपाच्या आकाराची असते आणि तिच्यावर उभ्या खाचा असतात. हॉक मॉथच्या मोठ्या अळीची ही सही. ओली, हिरवट लेंडी आजची. सुकून काळी पडलेली जुनी. पावसाने अंगण धुऊन निघालं असेल तर संध्याकाळी झाडाखाली एखादं जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि सकाळी पाहा.

लेंड्यांची जागा कळली की तिथून सरळ वर नजर न्या. पानं कुठे मधल्या शिरेपर्यंत कुरतडली आहेत ते बघा. दिवसा अळी बहुधा फांदीच्या खालच्या बाजूला, पानांच्या सावलीत स्थिर असते. लहान अळ्या पानाखाली मधल्या शिरेला समांतर पडून राहतात, तेव्हा पान हलकेच उलटून पाहावं लागतं. रात्री टॉर्च घेऊन गेलात तर काम सोपं होतं. तेव्हा ती खात असते आणि पानाच्या कडेला तिच्या तोंडाची हालचाल दिसते.

झाडाला हात लावण्याआधी हुमले आहेत का तेही बघा. तांबड्या मुंग्यांचं घरटं असलेल्या तगरीवर अळी क्वचितच टिकते, आणि तिथे हात घातला तर तुमचीही खैर नसते.

पायरी तिसरी: वय ओळखा

अंडं बारीक, दीड मिलिमीटरच्या आसपास, गोलसर, फिकट हिरवं आणि चकचकीत. मादी ती एकेक करून कोवळ्या पानांवर, वरच्या किंवा खालच्या बाजूला ठेवते; ढीग घालत नाही. आपल्या उष्ण हवेत तीन-चार दिवसांत ते फुटतं.

बाहेर येणारी अळी 3-4 मिलिमीटरची, पिवळट आणि मागच्या टोकाला बारीक, काळं, तिच्या आकारमानाने भलतंच लांब शिंग. ही अळी आणि नंतरची मोठी अळी एकाच जातीच्या आहेत हे सांगूनही पटत नाही. पानं खायला लागली की ती हिरवी होते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक पांढरी रेघ उमटते. वाढताना ती चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या एकूण पाच अवस्था होतात.

कात टाकण्याचा वेळ जरूर पाहा. त्याआधीचा जवळजवळ एक दिवस ती खात नाही, हलत नाही, पायांनी फांदी घट्ट धरून बसते. नीट पाहिलं तर जुन्या डोक्याच्या मागे कातडी फुगलेली दिसते. नवं, मोठं डोकं तिथे तयार झालेलं असतं आणि जुनं कवच पुढे ढकललं गेलेलं असतं. मग कातडी मानेपाशी फाटते, अळी लाटालाटांनी अंग आकसत तिच्यातून पुढे सरकते आणि शेवटी डोक्याचं रिकामं कवच टपकन खाली पडतं. ते कवच एखाद्या कोऱ्या कागदावर जपून ठेवावं. प्रत्येक वेळचं कवच आधीच्यापेक्षा मोठं असतं आणि अळीची वाढ त्यावरून अगदी स्पष्ट कळते. बऱ्याचदा ती आपली टाकलेली कात खाऊनही टाकते.

या काळात अळीला फांदीवरून ओढून काढू नका. नवखी माणसं 'आजारी दिसते' म्हणून तिला हलवतात आणि नेमकं त्यानेच नुकसान होतं. ती स्थिर असेल आणि रंग चांगला असेल तर चोवीस तास तिच्या वाटेला जाऊ नये, हा नियम.

शेवटच्या अवस्थेत अळी 7 ते 10 सेंटिमीटरपर्यंत भरते. अंग पोपटी हिरवं, कडेच्या पांढऱ्या रेघेच्या आसपास निळसर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण, आणि आधीचं ते लांब काळं शिंग आता आखूड, नारिंगी-पिवळं, खाली वळलेलं. डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक मोठा डोळ्यासारखा ठिपका असतो, आतून निळसर पांढरा आणि कडेने गडद. एरवी तो कातडीच्या घडीत अर्धा लपलेला असतो. फांदीला थोडा धक्का बसला की अळी डोकं खाली ओढते, तो भाग फुगतो आणि दोन्ही 'डोळे' एकदम उघडे पडतात. बुलबुल किंवा सरड्याला बिचकवायला तेवढं पुरतं. काही अळ्या शेवटच्या अवस्थेत हिरव्याऐवजी तपकिरी-गुलाबी रंगाच्याही होतात. ती वेगळी जात नव्हे.

ही अळी चावत नाही, शिंग टोचत नाही आणि अंगावर खाजरे केस नसल्याने हाताला काही होत नाही. केसाळ सुरवंटाने अंगाची आग झालेली माणसं तिलाही घाबरतात, त्यांना हा फरक समजावून सांगा. फार छेडलं तर ती तोंडातून हिरवा द्रव टाकते, एवढंच.

कण्हेरीवर आणखी एक अळी मिळते, कॉमन क्रो फुलपाखराची. तिच्या अंगावर आडवे पट्टे असतात आणि पाठीवर लांब, मऊ, काळ्या तंतूंच्या जोड्या. मागे शिंग नाही. दोघींची गल्लत व्हायचं कारण नाही, पण अंधारात घाईने पाहिलं तर होते.

मधेच विषाबद्दल

कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात. ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं थेट हृदयाच्या कामावर परिणाम करतात. माणूस असो की गुरं, कण्हेर पोटात जाणं जिवावर बेततं. आणि ही अळी तीच पानं रात्रंदिवस खाऊन गलेलठ्ठ होते.

तिला हे कसं जमतं, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. ही द्रव्यं पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप, म्हणजे हे क्षार पेशीच्या आत-बाहेर करणारी यंत्रणा, बंद पाडतात. हे विष पचवणाऱ्या काही कीटकांमध्ये तो पंपच बदललेला असतो, त्यामुळे विषाला पकड मिळत नाही. कण्हेरीच्या हॉक मॉथमध्येही तसंच असेल असा अंदाज होता. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की याचा पंप विषाला चांगलाच बळी पडतो. पुढे 2013 मध्ये त्याच संशोधकांच्या गटाने दाखवलं की त्याच्या मज्जासंस्थेभोवतीचं आवरणच विषाला आत जाऊ देत नाही. विष अंगात असतं, नाजूक जागी पोचत नाही.

आपल्या हृदयाला मात्र असं संरक्षण नाही. कण्हेरीच्या फांद्या तोडल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्यांना हात लावू नका, उरलेला पाला गुरांच्या तोंडी लागेल असा टाकू नका. घरात लहान मुलं असतील तर अळी तगरीवरच वाढवा. तगरीच्या चिकानेही काहींची त्वचा चुरचुरते, म्हणून हात धुण्याची सवय तिथेही ठेवा.

पायरी चौथी: घरात वाढवायची असेल तर

झाडावरच राहू देणं केव्हाही उत्तम. पण कात टाकताना, कोष करताना, पतंग बाहेर येताना जवळून पाहायचं असेल तर एखादी अळी घरात आणायला हरकत नाही. एकच आणा, फार तर दोन. पोरांनी डबाभर गोळा केल्या तर बाकीच्या परत झाडावर सोडायला लावा. अभयारण्यातून मात्र काहीही उचलायचं नाही. बोंडला असो, मोले, नेत्रावळी, खोतीगाव की म्हादई, तिथलं पानसुद्धा तिथेच राहिलं पाहिजे.

खोका कमीत कमी फूटभर उंच हवा. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून तिथे मच्छरदाणीचं कापड चिकटवलं की काम झालं. बंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आपल्या पावसाळी हवेत चालत नाही. पाल्याची वाफ आत कोंडते, कडांवर पाणी धरतं आणि दोन दिवसांत बुरशी येते. तळाला कागद घाला आणि तो रोज बदला. स्वच्छतेइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही. अळ्या मरतात त्या बहुतेक वेळा उपाशी नव्हे, तर घाणीत आणि दमटपणात.

फांदी लहान बाटलीतल्या पाण्यात उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, नाहीतर अळी फांदीवरून उतरत पाण्यात जाते. पावसात भिजलेली फांदी आधी कापडाने पुसून घ्या. ज्या झाडावर अळी मिळाली त्याच झाडाचा पाला शेवटपर्यंत द्या. तगरीवरची अळी मध्येच कण्हेरीवर घातली तर ती बऱ्याचदा खायचंच सोडते. पाला बदलताना अळीला चिमटीत धरू नका. जुनी फांदी नव्या फांदीला टेकवून ठेवा, ती आपसूक पलीकडे जाईल.

पहिले आठ-दहा दिवस पाला किती कमी लागतो याचं नवल वाटतं. शेवटच्या चार-पाच दिवसांत हिशेब पार उलटतो: एकूण खाण्यातला मोठा वाटा ती याच दिवसांत खाते, आणि सकाळी भरलेला खोका संध्याकाळी रिकामा होतो. शेजारची तगर आधीच विचारून ठेवलेली बरी.

खोका असलेल्या खोलीत डासांची कॉईल, मशीन किंवा स्प्रे अजिबात नको. पावसाळ्यात गोव्यात याशिवाय झोपणं कठीण आहे, म्हणून खोका सरळ पडवीत ठेवा, पण मुंग्या चढणार नाहीत अशा रीतीने. स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची घरोघरची जुनी युक्ती इथे बरोबर कामी येते.

अळी झाडावरून आणताना तिच्या डोक्यामागे, कातडीवर बारीक पांढरी अंडी चिकटलेली दिसली तर ती परजीवी माशीची असतात. तशी अळी पुढे पतंग होईलच असं नाही. एक दिवस कोषातून पतंगाऐवजी माश्या किंवा बारीक गांधीलमाश्या निघाल्या तर त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. दर अळीचा पतंग झाला असता तर गोव्यात एकही तगर उभी राहिली नसती.

पायरी पाचवी: रंग बदलला की सावध व्हा

साधारण अडीच-तीन आठवडे खाऊन झाल्यावर एका दिवसात अळीचा रंग पालटतो. पाठीवरचा हिरवा रंग जाऊन ती काळपट, जांभळट-तपकिरी होते. लेंडी पातळ, ओली पडते, खाणं पूर्ण थांबतं आणि आतापर्यंत आळसावून पडून राहणारा हा जीव भराभर चालायला लागतो. झाडावर असेल तर ती खोडावरून उतरून सुक्या पाचोळ्याची जागा शोधते. सिमेंटच्या अंगणात नेमक्या याच वेळी ती पायाखाली किंवा स्कूटरच्या चाकाखाली येते. घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की अंगणात अशी काळपट मोठी अळी चालताना दिसली तर तिला केरसुणीने न झाडता कागदावर घेऊन तगरीच्या बुंध्याशी, पाल्यात सोडावं.

खोक्यातल्या अळीसाठी तळाला चार-पाच सेंटिमीटर सुक्या पानांचा थर करा. खाली किंचित ओलसर माती घातली तरी चालते, ओली नको. अळी पानं एकत्र ओढून, पिवळट रेशमाचे विरळ धागे गुंफून त्यांच्या आत बसते आणि दोन-तीन दिवसांत कोष होतो. हे दोन-तीन दिवस पाला उचकून बघायचा मोह आवरा. ताजा कोष मऊ असतो, बोटाच्या दाबानेही पंखांची जागा बिघडते आणि पतंग वाकड्या पंखांनी बाहेर येतो.

कोष 5.5 ते 7.5 सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी. कडेने श्वासछिद्रांच्या जागी काळे ठिपके आणि पोटाच्या बाजूला, जिथे सोंड घडी होऊन असते, तिथे एक काळी रेघ. हात लागला तर मागचं टोक वळवळतं. वरून एक दिवसाआड पाण्याचा अगदी बारीक फवारा पुरतो. भर पावसाळ्यात तोही नको.

पायरी सहावी: पतंग बाहेर येताना

दोन आठवड्यांच्या आसपास कोष गडद होतो आणि कवचातून पंखांचा हिरवा रंग जाणवू लागतो. म्हणजे एक-दोन दिवसांचाच अवकाश. आता खोक्यात खडबडीत काठी तिरकी टेकवून ठेवा. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख चिमुकले आणि लोंबते असतात, आणि ते पसरायला त्याला वर चढून खाली लटकावंच लागतं. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याची पकड सुटते, तो तळाला पडतो आणि पंख दुमडलेलेच वाळतात. एवढे आठवडे घेतलेली मेहनत एका काठीवाचून वाया जाते.

पंख पूर्ण पसरायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, कडक व्हायला त्याहून जास्त. या वेळात तो पोटातून थोडा रंगीत द्रव टाकतो. ते रक्त नव्हे. त्याला उचलू नका, फुंकर मारू नका, फ्लॅशने भंडावून सोडू नका. फोटो हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. दिवसभर तो एकाच जागी शांत बसलेला असतो.

अंधार पडू लागला की खोका तगरीजवळ नेऊन उघडा ठेवा. पतंग लगेच उडत नाही. आधी काही मिनिटं पंख थरथरवत राहतो. उडायला लागणारे छातीचे स्नायू तापल्याशिवाय एवढं जड शरीर उचललं जात नाही. बाहेर पाऊस कोसळत असेल तर एखादी सर ओसरेपर्यंत थांबा.

मोकळा पतंग पाहायचा तर

तिन्हीसांजेला, दिवेलागणीनंतरच्या पहिल्या तासात, रातराणी, निशिगंध, पेटुनिया अशा सुवासिक किंवा लांब नळीच्या फुलांपाशी थांबा. हॉक मॉथ फुलावर बसत नाही; हवेत एका जागी तरंगत लांब सोंड फुलात घालतो आणि क्षणात दुसऱ्या फुलाकडे जातो. परसातली पपई विसरू नका. पपईच्या फुलांचं परागीभवन हॉक मॉथ करतात, असं केनियातल्या अभ्यासांत दिसलं आहे. तगरीची चार पानं खाल्ली म्हणून औषध मारताना हाही हिशेब मांडावा.

पडवीत पांढरी चादर टांगून तिच्यावर दिवा सोडला तरी पतंग येतात, अमावास्येच्या आसपास जास्त. पण झोपायला जाताना दिवा आठवणीने बंद करा. रात्रभर दिव्याभोवती थकलेले पतंग पहाटे भिंतीवर बसून राहतात आणि उजाडताच पक्ष्यांच्या तोंडी पडतात.

एकदा नजर बसली की परसात इतर हॉक मॉथही दिसायला लागतील. अळूच्या आणि तेरड्याच्या पानांवर थेरेट्राच्या अळ्या, रताळ्याच्या वेलावर अग्रियस कॉन्व्होल्व्हुलीच्या, आणि भर दुपारी घाणेरीच्या फुलांवर गुणगुणणारा, पारदर्शक पंखांचा सेफोनोडीस हायलस, ज्याला बहुतेक जण भुंगा समजतात.

नोंद ठेवा आणि पाठवा

वहीत तारीख, गाव, झाडाचं नाव, अळीची लांबी आणि रंग एवढं लिहिलं तरी पुरे. कात टाकल्याचे दिवस वेगळे खुणेने मांडा. फोटो आयनॅचरलिस्टवर किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर पाठवता येतात. अळीचा एक फोटो पूर्ण कुशीवरून, एक पाठीवरून आणि एक ती खात असलेल्या झाडाच्या पानाफुलांचा असा संच द्या. सोबत झाडाचं नाव लिहायला चुकू नका, कारण नुसत्या 'हिरवी अळी' या नोंदीचा कुणालाच उपयोग नसतो, आणि अळी नेमकी कुठल्या झाडावर मिळाली ही माहिती फोटोवरून नंतर काढता येत नाही. दर वर्षी जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो. 2012 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात आता भारतातूनही नोंदी जातात. नेमकी तेव्हाच आपल्याकडे तगर पालवलेली असते, म्हणून झाडाखाली वर्तमानपत्र पसरायला त्याआधीच्या आठवड्यात सुरुवात करा.